चेहरा पॅकेजमध्येच येतो

बॅगेची चेन दुरुस्त करायची तर दुरुस्त करणाऱ्याला चेहरा असावा लागतो, हा नियम लागू होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्या काळी लोक बिघडलेली चेन घेऊन यायचे, सुधारलेली घेऊन जायचे आणि मधल्या वेळात माणसाकडे कुणी फारसं बघत नसे. माणसाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

चेनवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकान कसलं, वर जाणाऱ्यांच्या चपला ऐकत बसायची जागा. भिंतीला खिळे, खिळ्यांना सुटकेसचे जुने पट्टे, एका डब्यात लहानमोठे रनर, म्हणजे चेन उघडता-मिटताना आपण धरतो तो तुकडा, आणि मधोमध शिवणयंत्र. यंत्रामागे चेनवाला. ठेंगणा, विरळ केसांचा, डाव्या गालावर टपोरा तीळ, आणि सुईत दोरा ओवून ओवून उजवा डोळा कायमचा अर्धा मिटलेला. ओठांत टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचं. पण हात असा की, प्रवासात फाटून आलेली बॅग त्याच्याकडून परत जाताना नव्याने लग्नाला उभी राहिल्यासारखी दिसायची.

एकदा एका बाईंनी आपली बॅग घेताघेता विचारलं, "कार्ड आहे का तुमचं?"

चेनवाल्याने बाजूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर फोन नंबर लिहिला आणि दिला. बाईंनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, मेलेली पाल धरावी तसा, आणि त्यानेच दुरुस्त केलेल्या बॅगेत टाकून चेन ओढली. चेन लोण्यासारखी सरकली. पण चेनवाल्याच्या डोक्यात ती चिमूट अडकून बसली.

रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कार्ड कशाला हवंय तुम्हाला? तोंडात टाचण्या असलेला माणूस म्हटलं की आंधळासुद्धा दुकान दाखवेल."

विषय इथेच संपला असता. पण पंगतीला मेव्हणा होता. मेव्हणा व्यवसायवृद्धी सल्लागार होता. दुसऱ्यांचे व्यवसाय वाढवण्यात इतका बुडालेला की, स्वतःचा वाढवायला त्याला सवड मिळाली नव्हती. म्हणून तो पंगतीला होता.

"दाजी," तो भात कालवत म्हणाला, "काम हल्ली सगळ्यांनाच येतं. दिसणं कुणाला येतं, ते बोला."

"मला?"

"तुम्हाला काम येतं."

दुसऱ्या दिवशी तिघेही छापखान्यात गेले. पूर्वी तो नुसता छापखाना होता. शाईचा वास यायचा आणि मालक काळ्या हातांनी चहा प्यायचा. आता तिथे 'मुद्रण व ओळखनिर्मिती केंद्र' अशी पाटी होती. यंत्रं मागच्या खोलीत लपवली होती आणि पुढे काच, कुंडी आणि उंच स्टुलावर एक सल्लागार बाई होत्या.

"कार्ड हवंय की ओळख?" बाईंनी विचारलं.

"कार्डच."

"ओळखीशिवाय कार्ड म्हणजे चाकं नसलेली सुटकेस, सर."

आपल्याच धंद्यातला दाखला कुणी तोंडावर फेकला की, माणसाची निम्मी लढाई हरलेली असते.

मग कागद निघाले. साधा, मखमली, खरबरीत, पाण्यात न भिजणारा, आणि एक उगवणारा.

"उगवणारा म्हणजे?"

"आत बिया असतात. कुणी कार्ड फेकून दिलं तरी तिथे रोप येतं."

"पण मग माझा नंबर?"

"तो खत होतो, सर." बाईंनी पुढची पेटी उघडली. "कोपरे गोल ठेवायचे की टोकदार? टोकदार कोपरे आक्रमक वाटतात. तुमचा व्यवसाय आक्रमक आहे का?"

चेनवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. त्याच्याकडे सुया होत्या. तरी त्याने गोल सांगितले.

"तुमचा व्यवसाय प्राणी असता तर कोणता असता?"

"सिंह," मेव्हणा म्हणाला.

"बैल," बायको म्हणाली.

बाईंनी दोन्ही लिहून घेतलं आणि 'निष्ठावान डरकाळी' असं बोधवाक्य जागच्या जागी तयार झालं. त्यानंतर पॅकेजं आली. 'अंकुर' पॅकेजमध्ये फक्त कार्ड होतं. पण 'अंकुर' घेतलेले लोक पुन्हा कधी दिसले नाहीत, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. 'झेप'मध्ये कार्ड आणि पाटी. 'गरुडभरारी'मध्ये कार्ड, पाटी, बिलबुक, पिशव्या, अंगात घालायचा एप्रन आणि चेहरा.

"चेहरा?"

"चेहरा पॅकेजमध्येच येतो. हा नमुना आहे," बाईंनी संगणकाचा पडदा वळवून दाखवला. पडद्यावर एक गृहस्थ हसत होते. गोरेगोमटे, पांढरा शर्ट, लाल टाय, आणि दात असे की, मोजायला बसावं. "तुमचा फोटो आला की यांना काढून तुम्हाला बसवू."

चेनवाल्याने फोटो काढून पाठवला. छापखान्याच्या संगणकप्रणालीने तो नाकारला. कारण दिलं होतं : 'व्यक्तीचा एक डोळा मिटलेला आहे. कृपया डोळा उघडून पुन्हा प्रयत्न करावा.' त्याने डोळा ताणून दुसरा पाठवला. 'व्यक्ती घाबरलेली आहे.' तिसऱ्या वेळी बायकोने मागे उभं राहून पापणी बोटाने वर धरली. 'चित्रात व्यक्तीखेरीज अन्य बोट आढळले.' शेवटी बाई म्हणाल्या, तूर्त नमुनाच राहू दे, छपाईआधी प्रूफ येईलच, तेव्हा बघू.

प्रूफ म्हणजे छपाईआधीचा कच्चा नमुना. त्यावर गिऱ्हाइकाची सही झाली की, पुढे ब्रह्मदेवालाही त्यात काना-मात्रा हलवता येत नाही, अशी छापखान्याची रीत होती. तिघेही प्रूफावर तुटून पडले.

चेनवाल्याने कोपऱ्यातल्या बॅगेचं चित्र पाहिलं आणि त्याचा जीव खालीवर झाला. "रनर उलटा बसवलाय. असा रनर ओढला तर दाते मोडतील." बाईंनी रनर सुलटा केला. "आता डावीकडचे दाते उजवीकडच्यांपेक्षा मोठे दिसताहेत." तेही समान केले. चित्रातली चेन खरोखर मिटेल अशी खात्री होईपर्यंत तो हटला नाही. बायकोने फोन नंबर पोथी वाचावी तसा तीनदा वाचला. मेव्हण्याने निळ्या रंगाला हरकत घेतली. "हा निळा विश्वासाचा नाही, आश्वासनाचा आहे." निळा बदलला. मधोमध लाल टायवाले गृहस्थ हसतच होते. एव्हाना ते तिघांच्या इतके सवयीचे झाले होते की, घरातल्या कपाटाकडे बघत नाही तसं त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

चेनवाल्याने समाधानाने सही केली.

माल आला तेव्हा जिन्याखाली फक्त माल मावला. चेनवाला बाहेर उभा राहिला आणि पाटी चढताना पाहू लागला. आधी बॅग वर गेली, मग तो निर्दोष रनर, आणि मग दात.

"हा कोण?" तो म्हणाला.

तो धावत छापखान्यात गेला. मालकाने प्रूफ काढून समोर ठेवलं. "सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग चेहराही तुमचाच."

"अहो, पण मी असा दिसत नाही."

"ते तुमच्या अखत्यारीत येतं. आमच्याकडून छपाई अचूक आहे."

वर खऱ्या चेहऱ्याचा स्टिकर चिकटवावा असं मेव्हण्याने सुचवलं. पण स्टिकरही प्रणालीतूनच निघणार आणि प्रणालीला डोळा मंजूर नव्हता. "राहू दे, दाजी," मेव्हणा शेवटी म्हणाला. "खरं सांगू का, चेहरा चांगला आहे. तुमच्यापेक्षा मलासुद्धा त्याच्यावर जास्त विश्वास वाटतो."

"आणि मला काय वाटतं ते विचारूच नका," बायको पाटीकडे बघत म्हणाली.

पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "साहेब कुठे आहेत?"

"कोण साहेब?"

गिऱ्हाइकाने पाटीकडे बोट केलं.

"तो मीच," चेनवाला म्हणाला. गिऱ्हाइकाने पाटी पाहिली, चेनवाला पाहिला, आणि बॅग छातीशी घट्ट धरली. "मी थांबतो. येऊ द्या त्यांना."

दुसऱ्याने तेच केलं. तिसरा तर निघून गेला. शेवटी पोट आहे म्हटल्यावर चेनवाल्याने मशीनपुढे पडदा टांगला. आलेल्याला तो सांगू लागला, "साहेब आत आहेत." बॅग घ्यायची, पडद्याआड जायचं, रनर बसवायचा, बाहेर यायचं. "साहेबांनी केली."

गिऱ्हाईक वाढलं. ज्या बाईंनी पुठ्ठा चिमटीत धरला होता, त्याही आल्या. चेन पुढेमागे सरकवून म्हणाल्या, "काय हात आहे हो साहेबांचा. पूर्वी इथे एक म्हातारा बसायचा, त्याचं काम काही खरं नव्हतं." आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने पुढे म्हणाल्या, "साहेब, तुमचा हा माणूस मात्र जरा घुम्या आहे. लक्ष असू द्या."

"सांगतो त्याला," पडद्याआडून कुणी बोललं नाही म्हणून चेनवालाच म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. आपलाच नोकर होऊन जगणारे जगात थोडे नाहीत. पण वर्षाचा परवाना नव्याने करायची वेळ आली आणि परवाना अधिकारी तपासणीला आले.

"मालकांना बोलवा."

"मीच मालक." चेनवाल्याने भिंतीवरचा परवाना काढून दिला. त्यावर त्याचा फोटो होता, पण कार्यालयाचा शिक्का नेमका तोंडावर बसला होता. शिक्क्याबाहेर एक कान तेवढा उरला होता.

अधिकाऱ्यांनी कान पाहिला. मग मागे सरकून पाटी पाहिली. "परवान्यावर कान आहे. फलकावर संपूर्ण इसम आहे, रंगीत. दोन पुराव्यांत तफावत असल्यास अधिक स्पष्ट पुरावा ग्राह्य धरावा, असा नियम आहे."

"साहेब, पंचवीस वर्षं मी इथे बसतोय."

"बसता ते दिसतंय. बसण्याची परवानगी कुणी दिली, तो प्रश्न आहे." त्यांनी अहवाल लिहिला : 'मालक फलकाप्रमाणे. जागेवर आढळलेला इसम मदतनीस असावा. कानाचे साम्य आढळले, परंतु ते पुरेसे नाही.' आणि वर समजावून सांगितलं, "मालकांचं संमतीपत्र आणा. त्यांची सही, तुमच्यासमोर घेतलेली. महिनाअखेरपर्यंत नाही आलं तर जागा सोडायची. आम्ही काही कुणाच्या पोटावर पाय देत नाही, मुदत देतो."

म्हणजे आता स्वतःच्या दुकानात बसायला चेनवाल्याला त्या हसऱ्या गृहस्थांची सही हवी होती. त्याने संमतीपत्र लिहून खणात ठेवलं आणि गृहस्थांच्या शोधाला निघाला.

"हे कोण आहेत?" त्याने सल्लागार बाईंना विचारलं.

"गरुडभरारी."

"नाव काय यांचं?"

बाईंनी शोधलं. "फाईलचं नाव आहे 'हसरा पुरुष दोन'."

"आणि एक?"

"त्याचे दात एवढे चांगले नव्हते."

हताश होऊन तो रस्त्याने चालू लागला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाट्यांकडे मान वर करून पाहिलं. दाताच्या दवाखान्यावर तेच गृहस्थ होते, लाल टायवर पांढरा कोट घालून. मोटार शिकवणाऱ्यांकडे ते चाक धरून होते. गाद्यांच्या दुकानावर ते झोपले होते, टायसकट. आणि परवाना कार्यालयात शिरला तर दारातच हातभर उंचीचं चित्र : 'आमचे समाधानी नागरिक'. लाल टाय, तेच दात.

"हेच ते," चेनवाला अधिकाऱ्यांना म्हणाला. "तुमच्याच भिंतीवर आहेत. तुम्हीच त्यांची सही मागवा ना."

"समाधानी नागरिक कार्यालयात कशाला येतील?" अधिकारी म्हणाले. "इथे येतात ते असमाधानी."

मेव्हण्याने या संकटातही संधी पाहिली. त्याने सगळ्या पीडितांची सभा भरवली, दाताच्या दवाखान्यात. डॉक्टरांना स्वतःच्याच खुर्चीत बसायची सवय सुटली होती, ते बाकावर बसले. "पेशंट म्हणतात, भूल तुम्ही द्या, दात साहेबांना काढू द्या. मी भूल देतो, बाहेर जातो आणि डोळे मिटले की परत येतो."

"माझे विद्यार्थी मला मागच्या सीटवर बसवतात," मोटार शिकवणारा म्हणाला. "शेजारची जागा साहेबांसाठी मोकळी ठेवतात."

"तुमचं बरंय," गादीवाला म्हणाला. "आमचे साहेब पाटीवर झोपलेत. गिऱ्हाइकं कुजबुजतात, त्यांची झोपमोड होईल म्हणून. भाव काय बोलले तेच ऐकू येत नाही."

या माणसाला हटवावं, अशी तक्रार करण्याचं एकमताने ठरलं. पण साध्या कागदावरची तक्रार कोण वाचणार? संघटनेचं छापील पत्र हवं. काम मेव्हण्याकडे गेलं. प्रूफ आलं. डॉक्टरांनी आपली पदवी तपासली, मोटारवाल्याने आपला पत्ता, गादीवाल्याने आपला क्रमांक. सह्या झाल्या. पत्रं आली तेव्हा वरच्या कोपऱ्यात, 'अध्यक्ष' या शब्दाखाली, लाल टाय होता.

पत्र हातोहात फिरलं. मग डॉक्टर म्हणाले, "एक सांगू? आपल्यातला दुसरा कुणी अध्यक्ष झाला असता, तर मला पटलं नसतं."

"मलाही," गादीवाला म्हणाला.

चेनवाला काही बोलणार होता, पण सवयीने त्याने तोंडात टाचण्या धरल्या होत्या. गृहस्थ बिनविरोध निवडून आले. तक्रार त्यांच्याच पत्रावर गेली. उलट टपाली उत्तर आलं की, अध्यक्ष महोदय समाधानी असल्याचं चित्रावरून दिसतं, सबब प्रकरण निकाली काढण्यात आलं आहे.

महिना संपत आला होता. भरदुपारी एक माणूस जिन्याखाली येऊन उभा राहिला. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, कॉलर झिजलेली, खांद्यावरच्या बॅगेची चेन पार उसवलेली. तो बॅग द्यायचं सोडून पाटीकडेच बघत राहिला.

"काय बघताय?" चेनवाल्याने विचारलं.

"हा मी आहे," तो माणूस म्हणाला.

चेनवाल्याच्या तोंडातल्या टाचण्या गळून पडल्या.

"एका शर्टवाल्या कंपनीने काढला होता फोटो. हसा म्हणाले, हसलो. चहा पाजला, घरी पाठवलं. तेव्हापासून बघतोय, मी सगळीकडे आहे आणि मला कुठेच कुणी आत घेत नाही. माझ्यामुळे तुम्हाला काही त्रास झाला असेल, तर सांगा. लिहून हवं असेल, तर सही करून देतो."

चेनवाल्याचा हात खणाकडे गेला. संमतीपत्र वरच होतं, लेखणीही शेजारी होती. खण उघडता उघडता त्याने सवयीने एकदा वर पाटीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. हात तिथेच थांबला.

"जरा हसून दाखवा," तो म्हणाला.

माणूस हसला. पुढचा एक दात नव्हता.

"टाय कुठे आहे?"

"कंपनीचा होता. काढून घेतला."

चेनवाल्याला त्या माणसाची दया आली. पण इतके महिने ज्या साहेबांच्या नावाने आपण राबलो, ज्यांच्यापायी बोलणी खाल्ली, ज्यांची स्तुती ऐकली, ते काय आपल्याला माहीत नाहीत? "ओळखीचा काही पुरावा?"

माणसाने खिशातून चुरगळलेलं ओळखपत्र काढलं. फोटोवर तोंडभर शिक्का होता. बाहेर एक कान उरला होता. चेनवाल्याने अर्धा डोळा आणखी बारीक करून कान पाटीशी ताडून पाहिला.

"कानाचं साम्य आहे," तो म्हणाला, "पण तेवढ्यावर नाही चालायचं. साहेब आत आहेत. बॅग ठेवा, करून देतील."

त्याने बॅग पडद्याआड नेली. उसवलेली शिवण नव्याने घातली, रनर बदलला, दात्यांना मेण लावलं. इतकं चांगलं काम त्याच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं. माणसाने चेन ओढून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा.

"साहेबांचा हात चांगला आहे हं," तो म्हणाला आणि निघून गेला.

"अहो, सही करायला माणूस दारात आला होता," बायकोने कपाळाला हात लावला.

"तो तो नव्हता," चेनवाला म्हणाला. "मी त्यांना रोज बघतो."

महिनाअखेरीस अधिकारी आले आणि त्यांनी नियमाप्रमाणे चेनवाल्याला जागेवरून उठवलं. दुकान मात्र चालू आहे. परवाना साहेबांच्या नावाने झाला. पडदा आहे, पाटी आहे, लोक बॅगा ठेवून जातात. चेनवाला मागच्या बोळातून शिरतो, काम करून ठेवतो आणि कुणाच्या दृष्टीस पडण्याआधी निघून जातो. काम सुधारलंय, असं सगळे म्हणतात.

तुम्ही हसताय. हसा. असला अधिकारी, असली गिऱ्हाइकं आणि असला चेनवाला, डोळे असून आंधळी सगळी, असंच मनात येतंय ना? मग एक सांगा. साहेबांच्या टायचा रंग कोणता होता?

बघा, तोंडावर आला. आता चेनवाल्याचा तीळ कोणत्या गालावर होता, तेही सांगा. सुरुवातीलाच, शिवणयंत्रामागे, त्याला अगदी तुमच्या समोर बसवला होता, आणि तिथे पाटी नव्हती की साहेब नव्हते.

मागची पानं उलटू नका. परवाना कार्यालयात सध्या भरती चालू आहे, आणि तुमच्यासारख्यांचा फोटोही मागत नाहीत.